योजनेचा परिणाम मोजताना कोणती पद्धत निवडावी: चार मार्गांचा तुलनात्मक आढावा

सरकारी योजनेमुळे नेमके काय बदलले हे शोधू पाहणाऱ्या संशोधकापुढे आज मुख्यतः चार मार्ग असतात: सोडतीवर आधारलेली यादृच्छिक चाचणी, पात्रतेच्या सीमारेषेचा आधार घेणारी रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी, दोन गटांतील बदलांची तुलना करणारी डिफरन्स-इन-डिफरन्सेस आणि इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, म्हणजे साधन चलाची पद्धत, जिच्यात योजना कोणाला मिळते यावर प्रभाव टाकणाऱ्या, पण निकालावर थेट प्रभाव न टाकणाऱ्या बाहेरच्या घटकाचा (साधनाचा) आधार घेतात. प्रबंधाचा आराखडा करणारे अनेक जण यांपैकी एक आधीच ठरवून टाकतात आणि मग तिच्यात बसेल अशी आकडेवारी शोधत फिरतात. हा क्रम उलटा असायला हवा. योजना कोणाला, कधी आणि कोणत्या नियमाने मिळाली हे आधी शासन निर्णय वाचून आणि अंमलबजावणी तपासून समजून घ्यावे, कारण पद्धत त्या नियमातूनच ठरते.

केवळ आधीची आणि नंतरची स्थिती मांडून भागत नाही. महाराष्ट्रात जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला आणि २०१६ मध्ये चांगला पाऊस झाला. २०१५ आणि २०१६ मधील विहिरींच्या पातळीची नुसती तुलना केली, तर पावसाचे श्रेय बंधाऱ्यांच्या नावावर जमा होईल. अभियान नसते तर त्याच गावांत काय झाले असते, या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर देणारा दुसरा गट सापडल्याखेरीज परिणामाचा दावा करता येत नाही. चारही पद्धतींची खटपट त्या गटासाठीच असते.

यादृच्छिक चाचणीत हा गट सोडतीने मिळतो, म्हणून तिचा निष्कर्ष समजायला आणि समजावायला सर्वांत सोपा असतो. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचे मुंबई आणि वडोदरा येथील मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी शिकवत असे आणि कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला ती मिळणार हे सोडतीने ठरले होते. मुलांचे गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ मानक विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाने) वाढले. कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात मात्र हा लाभ सुमारे ०.१० पर्यंत उतरला. योजना अजून सुरू झालेली नसेल आणि ती टप्प्याटप्प्याने राबवली जाणार असेल, तर टप्प्यांचा क्रम सोडतीने लावण्याची विनंती अवश्य करावी. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि निवृत्तिवेतन देण्यासाठी आणलेल्या बायोमेट्रिक स्मार्टकार्डांच्या बाबतीत १५७ मंडलांत (जिल्ह्याच्या उपविभागांत), सुमारे १.९ कोटी लोकसंख्येवर, असा अभ्यास झाला आहे. योजना आधीच सर्वत्र पोहोचली असेल, तर हा मार्ग बंद झाला असे समजावे.

पात्रतेची आकड्यातली अट असेल, तर माझी पहिली पसंती रिग्रेशन डिस्कंटिन्युइटीला राहील. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आधी १००० आणि नंतर ५०० लोकसंख्येच्या वस्त्यांना प्राधान्य होते. ४९० आणि ५१० लोकवस्तीची गावे इतर बाबतींत जवळपास सारखीच असणार. फरक एवढाच, की दुसऱ्या गावाला रस्ता मिळण्याची शक्यता अधिक. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी २०२० मध्ये याच उंबरठ्यांच्या आधारे दाखवले, की रस्त्यामुळे मजूर शेतीबाहेरच्या कामांकडे वळले, परंतु शेती, उत्पन्न किंवा मालमत्ता यांत मोठा बदल दिसला नाही. त्यांनी घेतलेली एक काळजी प्रत्येकाने घ्यावी. योजनेच्या दफ्तरातील लोकसंख्येचे आकडे उंबरठ्याच्या वर संशयास्पद रीतीने दाटलेले होते, म्हणून त्यांनी जनगणनेचे आकडे वापरले आणि ज्या राज्यांनी नियम प्रत्यक्ष पाळला तीच अभ्यासली. दारिद्र्यरेषेचे गुण असोत वा जमीनधारणेची मर्यादा, आकडा जिथे स्थानिक पातळीवर भरला जातो तिथे ही तपासणी आधी करावी. शिवाय हाती येणारे उत्तर उंबरठ्याजवळच्या गावांपुरतेच असते. ५००० वस्तीच्या गावाविषयी ते काही सांगत नाही.

सीमारेषा नसेल, पण योजना काही भागांत आधी आणि काही भागांत नंतर आली असेल किंवा एका राज्यात आली आणि शेजारच्या राज्यात आलीच नसेल, तर डिफरन्स-इन-डिफरन्सेस उपयोगी पडते. बिहारने २००६ पासून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी मुली आणि मुलगे यांच्यातील फरकाची तुलना झारखंडमधील तशाच फरकाशी केली. माध्यमिक शाळेतील मुलींची वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधील दरी ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. या पद्धतीची भिस्त एका गृहीतावर असते: योजना आली नसती, तर दोन्ही गटांचे कल समांतर राहिले असते. ते सिद्ध करता येत नाही, फक्त आधीच्या वर्षांचे कल पाहून त्याला बळ देता येते.

राष्ट्रीय रोजगार हमी योजना फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, एप्रिल २००७ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ मध्ये उरलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत आली. पहिले जिल्हे मागास म्हणून निवडलेले असल्याने त्यांचे कल इतरांसारखे होते का, ही शंका रास्त आहे. टप्प्यांच्या योजनेत आधीचे लाभार्थी नंतरच्यांसाठी तुलनेचा गट बनतात आणि परिणाम काळानुसार बदलत असल्यास सरासरी फसवी निघते, हे अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सर्व टप्पे एकत्र करून एकच सरासरी परिणाम काढणारे जुने सरसकट समीकरण आता पुरेसे मानू नये. महाराष्ट्राबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथे रोजगार हमी सत्तरच्या दशकापासून होती, तेव्हा २००६ पूर्वीची वर्षे ‘हमी नसलेला काळ’ म्हणून धरली, तर तुलनेचा पायाच चुकतो.

साधन चलाकडे सर्वांत शेवटी वळावे. एस्तेर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये धरणांच्या परिणामांसाठी नदीपात्राच्या उताराचा, म्हणजे धरण कुठे बांधणे सोयीचे हे ठरवणाऱ्या घटकाचा, साधन म्हणून आधार घेतला. धरणाच्या खालच्या बाजूच्या जिल्ह्यांत शेतीचे उत्पादन वाढून गरिबी घटली, पण धरण जिथे बांधले त्या जिल्ह्यात गरिबी वाढली, हा त्यांचा निष्कर्ष देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या महाराष्ट्राने गांभीर्याने वाचावा असा आहे. मात्र साधनाचा परिणाम केवळ योजनेमार्फतच होतो, ही अट आकडेवारीतून सिद्ध होत नाही. ती युक्तिवादानेच पटवावी लागते. पाऊस सहज उपलब्ध असल्यामुळे अनेक जण तो साधन म्हणून वापरतात, परंतु कोरडवाहू भागात पाऊस मजुरी, स्थलांतर, कर्ज आणि लग्नाचा खर्च अशा सगळ्यांनाच स्पर्श करतो, म्हणून तिथे तो वापरू नये. यांपैकी कोणताही आधार हाती लागत नसेल, तर अभ्यास वर्णनात्मक ठेवावा आणि त्याच्या शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द घालू नये.