गेम बॉयवर झपताल: खरं यंत्र आणि एम्युलेटर, दोन्ही वापरून

मी सांगलीत तबला शिकवते. गेल्या दोन वर्षांपासून लॅपटॉपवर सेमबॉय नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राचं संगीत करतेय. दादाने ते पाहिलं होतं. दीड वर्षापूर्वी ओसाकाहून परत येताना त्याने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून राखाडी गेम बॉय आणला, निन्टेंडोचं 1989 सालचं पहिलं मॉडेल. "आता खऱ्यावर वाजवून बघ," एवढंच म्हणाला. तेव्हापासून दोन्ही शेजारी शेजारी वापरतेय. मला सारखं विचारलं जातं की आवाजात खरंच फरक पडतो का आणि जुन्या यंत्रावर पैसे घालावेत का, म्हणून सविस्तर लिहितेय.

दोन्हीकडे संगीत रचायचं सॉफ्टवेअर एकच आहे: स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचं लिटल साउंड डीजे, सगळे म्हणतात ते एलएसडीजे. गेम बॉयच्या चिपमध्ये चार चॅनल असतात. दोन चौकोनी लहरींचे, एक वेव्ह आणि एक नॉइज. एलएसडीजेत या चारही चॅनलसाठी 'फ्रेज' लिहायची, आणि एका फ्रेजमध्ये ओळी सोळा. तबल्याच्या माणसाला पहिल्या दिवशीच घरी आल्यासारखं वाटतं, कारण तीनतालाचं एक आवर्तन एका पडद्यावर बरोबर मावतं. ओळींचे आकडे 0 ते 9 आणि पुढे A ते F असे असतात, म्हणजे A ही दहाच्या पुढची, अकरावी ओळ. झपताल हवा असेल तर त्या A च्या ओळीत 'H00' लिहायचं. तिथे पोचलं की यंत्र पुढच्या फ्रेजवर उडी मारतं, दहा मात्रा पूर्ण. सात मात्रांच्या रूपकाला मी एका मात्रेला दोन ओळी देते आणि E वर उडी लावते. हे जमलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागी होते.

आता आवाज. माझी सुरुवातीची समजूत अशी होती की एम्युलेटर म्हणजे नक्कल, त्यामुळे सूर कुठेतरी चुकणारच. मला पुरावाही सापडला होता. पांढरी सहामध्ये (हार्मोनियमच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरून) एक धून बांधली होती, मध्य षड्ज 880 हर्ट्झवर. तार षड्ज लागला की शेजारी लावलेल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी तो भांडायचा, किंचित चढा. दोष सेमबॉयचा, असं मी धरून चालले. गेम बॉय हातात आल्यावर तीच धून त्यावर वाजवली, तर तार षड्ज तेवढाच चढा. मग कारण शोधलं. चौकोनी लहरीच्या चॅनलवर चिप 131072 ला एका पूर्णांकाने भागून सूर काढते. 74 ने भागलं तर 1771 हर्ट्झ, 75 ने भागलं तर 1748. मला हवे होते 1760, आणि मधलं काहीच मिळत नाही. खालच्या सप्तकात पायऱ्या इतक्या बारीक असतात की कानाला कळत नाही, वर गेलं की उघड्या पडतात. मी धून काळी चारमध्ये उतरवली. तिथला तार षड्ज 1661 च्या आसपास, आणि 79 ने भागल्यावर 1659 मिळतात. तानपुऱ्यात मिसळून गेला. थोडक्यात, सुरांच्या बाबतीत चांगला एम्युलेटर खऱ्या यंत्राइतकाच खरा आहे, चुकांसकट. ज्यांना फक्त रचना करायची आहे त्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

फरक पडतो तो आकडे संपून वीज सुरू होते तिथे. बायाँसाठी, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्यासाठी, मी वेव्ह चॅनल वापरते. त्यात 32 बिंदूंची लहर आपल्या हाताने काढायची, प्रत्येक बिंदूची उंची सोळापैकी एक. 'घे' हा बोल हवा असेल तर गोलसर लहर घेऊन सूर झरकन खाली घसरवायचा, आणि तळहात घासून काढतात तो घिस्सा हवा असेल तर सावकाश वर चढवायचा. गेम बॉयच्या आतले कपॅसिटर फार खालचे सूर थोडे गाळतात, त्यामुळे लहरीचा आकार तिरका होतो. सेमबॉयमध्ये हे गाळणं अचूक करण्याची वेगळी सेटिंग आहे, ती चालू ठेवाच. ती लावूनही माझ्या मिक्सरवर खऱ्या यंत्राचा बायाँ जास्त भरीव लागतो. आतला छोटा अॅम्प्लिफायर आवाज जरा दाबून, जरा खरखरीत करून बाहेर देतो. जवळच मिरज आहे, तिथले तंतुवाद्यांचे कारागीर जवारी काढताना तारांखालची घोडी घासून तारेच्या आवाजात जी खुलावट आणतात, तिची आठवण मला दर वेळी होते. (हे ऐकायचं तर हेडफोनच्या जॅकमधून. यंत्राच्या स्वतःच्या स्पीकरमधून बायाँ ऐकूच येत नाही.)

त्याच जॅकमधून पडद्याची बारीक शिट्टी आणि सतत सूं असा आवाजही येतो. विलंबित लयीत, दोन बोलांच्या मधल्या शांततेत, तो मला खुपतो. आवाज कमी-जास्त करायच्या चकतीच्या आधीच तार जोडून वेगळा जॅक बसवतात, त्याने खूप सुधारतं म्हणतात. मी अजून ते केलेलं नाही.

पडद्याचं काम मात्र करावं लागलं. आणला तेव्हा उजवीकडच्या चार उभ्या रेघा गायब होत्या, आणि नेमक्या तिथेच कमांडचे आकडे दिसतात. आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. मागचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेचे. काकांकडे तसा पेचकस नव्हता, तो मागवण्यात आठवडा गेला. मग त्यांनी यंत्र चालू ठेवूनच पडद्याच्या खालच्या कडेची पट्टी सोडवली आणि सोल्डरिंगचं गरम आयर्न तिच्यावरून अलगद फिरवलं. आयर्न जसं सरकलं तशी एकेक रेघ उमटली. चौथी यायला तीनदा फिरवावं लागलं. काकांनी पैसे घेतले नाहीत, वाजवून दाखव म्हणाले.

जुन्या यंत्राचा खरा धोका वेगळाच आहे. ऑनलाइन घेतलेल्या, गेम बॉयमध्ये खोचायच्या एका स्वस्त कार्ट्रिजमध्ये माझी सगळी कामं होती. आतल्या बटणासारख्या सेलवर ती टिकून असतात, आणि तो सेल नीट बसलेला नव्हता. एका सकाळी उघडलं तर पडदा कोरा. तीन महिन्यांचे अकरा कायदे, म्हणजे तबल्याच्या रचना, गेल्या. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. झपतालाचा एक तेवढा वाचला, कारण तो मी आधी लॅपटॉपवर लिहिला होता आणि त्याची सेव्ह फाइल तिथे होती. तीच फाइल दोन्हीकडे चालते, ही एलएसडीजेची मला सर्वात आवडलेली गोष्ट. आता चांगलं कार्ट्रिज घेतलंय आणि दर रविवारी फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवते.

एवढं सोसून मी यंत्र का ठेवलं, तर हातासाठी. लॅपटॉपवर मी लिहिते. गेम बॉय दोन्ही हातांत धरला की वाजवते. सिलेक्ट धरून पडदा बदलायचा, ए धरून आकडा चढवायचा, हे दोन-तीन महिन्यांत बोटांत बसतं, बोल बसतात तसंच. कीबोर्डवर ते माझ्या बोटांत कधीच बसलं नाही. साधा यूएसबी गेमपॅड जोडल्यावर निम्मी अडचण गेली, म्हणून फक्त एम्युलेटर वापरणाऱ्यांनी गेमपॅडचे पैसे वाचवू नयेत. ब्लूटूथ हेडफोन मात्र नको. चालू आवर्तनात एखादं चॅनल बंद करायचं असेल तर कान मागे राहतो आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी सेमबॉय आणि एलएसडीजे घ्यावं, चार-सहा महिने रोज बसावं. तेवढ्यात बोटं यंत्र मागायला लागली तर घ्यावं, आणि घेताना पडद्याच्या रेघा, सेलच्या खणातला गंज आणि हेडफोनचा जॅक दुकानातच तपासावा. माझ्या जॅकमध्ये उजवी बाजू अधूनमधून जाते. परवा एका विद्यार्थिनीने गेम बॉय धरून बारा मात्रांच्या एकतालाचा ठेका लावला, C च्या ओळीत H00, आणि वायर बोटाने दाबून धरत पूर्ण पंधरा मिनिटं त्यावर तबला वाजवून घेतला.