रॅपचं ‘क्लीन’ व्हर्जन की मूळ गाणं?

मुलाला रॅपचं वेड लागलंय, शिव्या काढलेलं ‘क्लीन’ व्हर्जन ऐकू द्यावं की मूळ, असं मैत्रिणीनं विचारलं. म्युझिक अॅपच्या सबस्क्रिप्शनमध्ये बहुतेकदा दोन्ही मिळतात, त्यामुळे जादा खर्च नाही.

गाणं म्हणून मूळच सरस. शिवी नुसती गाळली की यमक तुटतं आणि पोराचं लक्ष नेमकं तिथेच जातं. गायकानं स्वतः ओळ बदलली तर जमतं. अमेरिकन गायक सीलो ग्रीननं २०१० साली रेडिओसाठी आपल्या गाण्यातली शिवी बदलून ‘फर्गेट यू’ गायलं, ठेका शाबूत राहिला.

सोय क्लीनची: स्पॉटिफायवर ‘एक्स्प्लिसिट’ (म्हणजे शिव्या, अश्लील शब्द असलेली) गाणी बंद करता येतात. पण शिवी गेली तरी बाईला तुच्छ लेखणारी ओळ तशीच राहते, आणि मला तीच जास्त खुपते.

गाडीत धाकटी भावंडं असतील किंवा शाळेचं गॅदरिंग असेल, तर क्लीन. शब्दांवर तुमच्याशी बोलणाऱ्या सोळा-सतराच्या मुलाला मूळच द्या.