‘ल’ मराठी करून देणारा वेबसाइटवाला

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं. खिळे (छपाईचे धातूचे अक्षर-ठसे) जुळवण्यापासून संगणकावरच्या डीटीपीपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळे अक्षर बिघडलेलं दिसलं की मला घास जात नाही.

वेबसाइटसाठी एका एजन्सीने २५ हजार सांगितले आणि नमुने दाखवले सगळे इंग्रजी. मग निफाडकडचा एक मुलगा मिळाला. बी.कॉम., दिवसा अंबडला कंपनीत स्टोअर सांभाळतो, हे काम रात्री. क्लास कुठलाच नाही. फ्रीकोडकॅम्प या साइटवर फुकट शिकला, अडलं की एमडीएन (वेबसाइट बनवणाऱ्यांची माहितीची साइट) उघडतो. आधी काय केलंयस विचारलं, तर मोबाइलवर एक पान दाखवलं: टोमॅटोच्या २० किलोच्या जाळ्या किती, भाव काय, हमाली-तोलाई-भाडं जाऊन हातात किती. वडील पिंपळगावला माल नेतात, त्यांच्यासाठी केलेलं. कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्टही होती, पण म्हणाला, “काका, ते व्हिडिओ बघून केलंय, ते धरू नका.” तिथेच काम दिलं.

पहिलं प्रूफ (तो डेमो म्हणतो) बघून मी कपाळाला हात लावला. ‘शुभविवाह’ची शिरोरेषा तुटून तुकडे झालेले, आणि खालच्या ओळीतले रफार वरच्या ओळीतल्या उकारांना टेकलेले. इंग्रजी डिझाइनवर हात बसलेला, त्यामुळे अक्षरांत फट पाडायची सवय. त्याने लेटर-स्पेसिंग, म्हणजे ती फट, काढून टाकलं, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.२ची १.७ केली. माझ्यासमोर, दहा मिनिटांत.

तरी ‘ल’ खुपत होता. हिंदी पुस्तकातला ‘ल’. ‘श’सुद्धा तसाच. मी म्हटलं, फॉन्ट बदल. दोन दिवस पठ्ठ्या गायब, आणि आला तो फॉन्ट तोच ठेवून. पानाच्या सुरुवातीला भाषा लिहायची असते, तिथे एडिटरने (कोड लिहायच्या प्रोग्रॅमने) आपोआप ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, टाकलेलं. त्याने ‘एमआर’, म्हणजे मराठी, केलं. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्या फॉन्टमध्ये आधीपासूनच होते, फक्त पान मराठी आहे हे ब्राउझरला कुणी सांगितलं नव्हतं! चाळीस वर्षं अक्षरांत घालवून मला हे ठाऊक नव्हतं.

पत्रिकांचे फोटो मी पाच-सहा एमबीचे दिले होते, ते वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून प्रत्येकी २०० केबीच्या आत आणले. तपासणी माझ्याच काच तडकलेल्या फोनवर, वायफाय बंद करून.

आता तक्रारी. दहा दिवस म्हणाला, महिना लावला. तोवर तुळशीचं लग्न होऊन गेलं, पहिली गिऱ्हाइकं हुकली. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबराआधी देशाचा कोड ९१ घालायला विसरला, तीन दिवस बटण दाबून चॅटच उघडेना. तेही मेहुण्याने फोन करून सांगितलं म्हणून कळलं. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय तो करत नाही. तसं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून त्याचा राग नाही.

घेतले ६ हजार. डोमेनचे (वेबसाइटच्या पत्त्याचे) वेगळे, पण ते माझ्याच नावावर घेतलं आणि पासवर्ड वहीत लिहून दिला.

पाचपैकी चार. एक उशिराचा कापला. हल्ली रविवारी येऊन माझ्या जुन्या खिळ्यांच्या केसपाशी बसतो, जोडाक्षरांचे खिळे मोजत. वास्तुशांतीच्या कार्डांचं पान मात्र अजून व्हायचंय.