गरोदरपणातली शुगर आणि घरचं ग्लुकोमीटर : सहाव्या महिन्यापासून आजपर्यंतचा अनुभव

हे मशीन मी जानेवारीत घेतलं. सहावा महिना संपत आला होता. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, साखर १५२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही तसेच) निघाली आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलं की आता घरी मोजायला लागा. आज मुलगी पाच महिन्यांची आहे आणि मशीन अजून वापरात आहे. इथे इंदूरला आमच्या ओळखीत दोघीतिघी गरोदर आहेत. त्या फोन करून तेच ते विचारतात, कोणतं घेऊ, टोचलं की दुखतं का, आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, बाळाला काही होणार नाही ना. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण खाली लिहिलंय ते बहुतेक मशीनना लागू पडतं. माझं मत आधीच सांगून टाकते: गरोदरपणात शुगर निघाली असेल तर मशीन घ्याच, आणि घेताना मशीनकडे कमी, त्यात रक्ताचा थेंब घ्यायला लागणाऱ्या पट्ट्यांकडे जास्त बघा.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे सरकारी पद्धतीप्रमाणे ही ७५ ग्रॅमची तपासणी गरोदरपणातल्या पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. उपाशीपोटी जायची गरज नसते. दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझी पहिली तपासणी अगदी ठीक होती, त्यामुळे दुसरी करायचा घरात सगळ्यांनाच कंटाळा आला होता. ती टाळू नका. वार (पोटात बाळाला पोसणारी, म्हणजे प्लासेंटा) जसजशी वाढते तसतशी तिच्यातली संप्रेरकं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, म्हणून आधी बरी असलेली साखर पुढच्या महिन्यांत वाढू शकते. याचा अर्थ पोरीने काहीतरी गोडधोड हादडलं असा होत नाही. सासूबाईंना मॅडमनी हे समोर बसवून समजावलं, त्याचा मला फार आधार झाला.

मला सांभाळायचे आकडे दिले ते असे: सकाळी उपाशीपोटी ९५ च्या खाली, आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. दोन तास मोजायचे पहिला घास तोंडात घातल्यापासून, पान उचलल्यापासून नव्हे. सुरुवातीला दिवसाला चार वेळा मोजायला सांगितलं होतं. एक सकाळी उठल्या उठल्या आणि तीन जेवणाखाण्यानंतर.

आता खरेदी. आम्ही दवा बाजारात गेलो. दुकानदार मशीन जवळपास फुकटात द्यायला तयार असतात, कारण पुढचा सगळा खर्च पट्ट्यांचा असतो. एक पट्टी साधारण १५ ते २० रुपयांना पडते. दिवसाला चार म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास, म्हणजे दोन हजार रुपये कुठेच गेले नाहीत. तेव्हा तीन गोष्टी विचारा. या मशीनच्या पट्ट्या आपल्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळतात का? डबी उघडल्यावर किती दिवस चालते? (हे डबीवर लिहिलेलं असतं, तीन महिने किंवा सहा महिने.) आणि रक्त किती लागतं? मोबाईलला जोडणारं मशीन मी घेतलं होतं, त्यासाठी थोडे पैसे जास्त दिले. ते जोडणं आठवड्यात गळून पडलं, आणि शेवटी कामाला आली ती साधी रेघांची वही. आकडा, वेळ, आणि समोर काय खाल्लं ते. मॅडमही वहीच मागायच्या, मोबाईल कोणी बघायचं नाही.

टोचण्याबद्दल. बोटाच्या मध्यावर टोचलं तर दुखतं, कडेला टोचलं तर मुंगी चावल्यासारखं. हात कोमट पाण्याने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, हात खाली सोडून थोडा झटकायचा, म्हणजे दाबून दाबून रक्त काढावं लागत नाही. जानेवारीच्या थंडीत सकाळी सकाळी याचा फार फरक पडायचा. हात धुणं किती महत्त्वाचं आहे ते पाहायला मी एकदा मुद्दाम संत्रं सोललं आणि तसंच एक बोट टोचलं: १६८. हात साबणाने धुऊन, पुसून लगेच दुसऱ्या बोटावर: ११२. रक्तात काहीच बदललं नव्हतं, बोटावरच्या रसाची साखर पट्टीने मोजली होती. इथे कितीतरी जणी असा एखादा आकडा बघून रात्रभर रडत असतील, म्हणून हे लिहिलं.

आकडा कितपत खरा मानायचा? मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे आणि १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे धरलेलं आहे. एकदा लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं तेव्हा तिथेच मशीनवरही पाहिलं. लॅबचा आकडा ९१, माझा ९७. एवढं चालतं. पण ही तुलना उपाशीपोटीच करा, कारण जेवणानंतर बोटाचं रक्त आणि शिरेतलं रक्त यांत तसाही फरक असतो. आणखी एक, जे मला दुकानात कोणी सांगितलं नाही: हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर मशीन साखर जास्त दाखवू शकतं. आपल्याकडे गरोदरपणात रक्त कमी असणाऱ्या किती बायका असतात! तेव्हा डॉक्टरांना तेही विचारून घ्या.

आता खाण्याकडे येते, कारण मशीनचे खरे पैसे तिथे वसूल झाले. काय खायचं, काय नाही याची यादी हातात आली तेव्हा संक्रांत तोंडावर होती. घरात तिळाच्या वड्या, हळदीकुंकवाला रोज कोणाकडे तरी जाणं, आणि बाहेर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा (तळून खायच्या कंदाचा) मोसम. सगळं बंद असं ऐकून मी दोन दिवस नीट जेवलेच नाही. मग मॅडम म्हणाल्या, "उपाशी राहायचं नाही. खा आणि मोजा." तिथून सूर सापडला.

पोहे हे इंदूरकराचं सकाळचं दैवत. ठेल्यावरची प्लेट, वर शेव, जिरावण (इथला भुरभुरायचा मसाला), सोबत जिलेबी. जिलेबी तर गेलीच, पण नुसत्या पोह्यांनीही दोन तासांनी १४६ दाखवलं. मग सासूबाईंनी घरी करून पाहिले: पोहे निम्मे, त्यात भरपूर मटार, शेंगदाणे, बाजूला वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ आणि ताक. ११४. चव तीच, जिरावणही तेच. त्या दिवशी सासूबाईंनी तो आकडा सासऱ्यांना जाऊन दाखवला, परीक्षेचा निकाल असावा तसा. नंतर घरात हा खेळच झाला. भाकरी-पिठलं उत्तम. वरणभात, भात वाटीभर आणि आधी कोशिंबीर खाल्ली तर ठीक. साबुदाण्याची खिचडी मात्र माझ्यासाठी सगळ्यात वाईट निघाली, पोह्यांहूनही, आणि उपासाच्या दिवशी आपण तीच पोटभर खातो. दाल-बाफल्यांनी (डाळीसोबत खायचे, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) वेगळंच शिकवलं. दोन तासांनी आकडा छान आला, मला शंका आली म्हणून तीन तासांनी पुन्हा पाहिलं तर तो चढलेला. एवढ्या तुपामुळे अन्न सावकाश पचतं आणि साखर उशिरा वर येते. तिळाची एक छोटी वडी जेवणाच्या शेवटी खाल्ली तर फारसं बिघडत नव्हतं, तीच वडी दुपारी रिकाम्या पोटी चहासोबत खाल्ली की बिघडायचं. हे माझं शरीर झालं. तुमचं वेगळं वागेल, म्हणून माझी यादी उतरवून घेऊ नका, स्वतःची करा.

जेवणानंतर गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं चालणं, हा उपाय मला औषधासारखा लागू पडला. फरक त्याच दिवशी आकड्यात दिसायचा, त्यामुळे आळस करायला जागा राहिली नाही.

सकाळचा उपाशीपोटीचा आकडा मात्र माझ्या हातात आला नाही. रात्री काहीही करा, सकाळी ९८, १०१, ९९. आहार आणि चालणं यांना दोन आठवडे दिल्यावर मॅडमनी रात्री थोडं इन्सुलिन सुरू केलं. घरात शोककळा. आतेसासूबाई देवासहून भेटायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, एकदा का ही सुई लागली की जन्मभर सुटत नाही हो." मी रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर वार काढून दाखवली. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते. इन्सुलिन जात नाही. साखर जास्त गेली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, त्याने अंगाने वाढतं, आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबली की त्याची साखर खाली येऊ शकते. म्हणजे मी टोचून घेत होते ते बाळापर्यंत पोचतच नव्हतं, आणि बाळापर्यंत जे पोचत होतं ते त्याने ताब्यात राहत होतं. वार बाहेर आली की बहुतेकींचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होतं. माझंही झालं. ज्या मुली सुईच्या भीतीने आकडे लपवतात, वहीत ९२ लिहून ठेवतात, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, असं करू नका. ती वही डॉक्टरांना तुमच्या बाळाचं बोलून दाखवत असते.

तक्रारी आहेत. सेल बदलताना तारीख-वेळ पुसली जाते आणि मग मशीनच्या आठवणीतले आकडे उलटसुलट लागतात. पट्ट्या मार्चमध्ये बाजारातून गायबच झाल्या, कंपनीच्या फोनवर "लवकरच येतील" याशिवाय उत्तर नाही. नववा महिना, आणि हे स्कूटरवरून दुकानं पालथी घालत होते. एक डबी नेहमी शिल्लक ठेवा. उन्हाळ्यात आमच्याकडे खोली चाळिशीला टेकते आणि पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं. बरं, कूलर लावावा तर खोलीत दमट हवा, तीही पट्ट्यांना मानवत नाही. मी डबी आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवली, आणि पट्टी काढली की झाकण लगेच कट्ट बंद. उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहिली.

वापरलेल्या सुया कचऱ्यात सुट्या टाकू नका. आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीला ओल्या-सुक्याखेरीज सॅनिटरी आणि घरगुती घातक कचऱ्याचे कप्पे वेगळे असतात. मी सुयांना टोपण लावून जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवत गेले, बरणी भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, गाडीवरच्या भैयांना सांगून घातक कचऱ्यात दिली. तो माणूस हाताने कचरा वेगळा करतो.

डोहाळजेवण सातव्यात झालं, हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं. ताटात पाच गोड पदार्थ होते, मी प्रत्येकाचा घास घेतला आणि त्या दिवशीचा आकडा वहीत खरा लिहिला: १५९. मॅडम हसल्या, एका दिवसाने काही होत नाही म्हणाल्या.

दवाखान्याच्या पिशवीत आईने बाळंतविडा भरला, झबली, टोपडी, लंगोट, तिच्या जुन्या मऊ साडीची दुपटी. मी त्यात मशीन आणि वही घातली. रात्री अकराला दाखल झाले तेव्हा ड्यूटीवर वेगळेच डॉक्टर होते, त्यांनी सगळ्यात आधी वही मागून घेतली आणि पंधरा मिनिटांत त्यांना सगळं कळलं. मुलगी झाल्यावर टाचेतून रक्त घेऊन तिची साखर पाहिली. पहिला आकडा जरा कमी होता. मला हे होऊ शकतं ते ठाऊक होतं, म्हणून मी घाबरण्यात वेळ घालवला नाही, तिला लगेच छातीशी घेतलं. पाजल्यानंतरचा आकडा चांगला आला, पुढचेही.

बाळंतपणानंतर आई डिंकाचे लाडू घेऊन बसली आणि मी मशीन घेऊन. गूळ कमी, खारीक आणि सुकं खोबरं जास्त असा लाडू जमला, आकडाही जमला. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा केली, ठीक आली. ही तपासणी बाळाच्या गडबडीत बायका हमखास विसरतात. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून मला वर्षाला एकदा तपासायला सांगितलंय. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डामागेच मी माझा कागद लावून ठेवलाय.

तपासणी साफ आली असेल तर मशीन घेऊ नका, उगाच रोज बोटं टोचून धास्ती वाढते. शुगर निघाली असेल आणि ऐपत नसेल तर कोणाकडून तरी उसनं मागा, गरोदरपण झाल्यावर ही मशीनं कितीतरी घरांत कपाटात पडून असतात. माझं आता अधूनमधूनच लागतं, ते मी जावेच्या बहिणीला देणार आहे. फक्त टोचायचं पेन आणि सुया तिने नव्याच घ्यायच्या, त्या कोणाच्याही वापरलेल्या घ्यायच्या नाहीत, घरातल्याही नाहीत.