'द फाउंडिंग' : प्याद्यांना नावे देणाऱ्या तीन कादंबऱ्या

युद्धखेळावरून लिहिलेली कादंबरी म्हणजे खेळण्यांच्या विक्रीसाठी केलेली लांबलचक जाहिरात, असा समज अनेक चोखंदळ वाचकांत आढळतो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ साली आणलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या, टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून खेळायच्या भविष्यकाळातील युद्धखेळावर त्याच कंपनीच्या 'ब्लॅक लायब्ररी' या प्रकाशनाने काढलेल्या ढीगभर पुस्तकांपैकी काहींना तो लागूही पडतो. डॅन ॲबनेट यांच्या 'गॉन्ट्स घोस्ट्स' या मालिकेला मात्र तो लावणे अन्यायाचे ठरेल, आणि तिच्या पहिल्या तीन कादंबऱ्या एकत्र देणारा 'द फाउंडिंग' हा खंड त्याचा भक्कम पुरावा आहे.

या खेळाची ओळख म्हणजे अजस्र चिलखतांतील अतिमानवी स्पेस मरीन. त्यांच्या तुलनेत इम्पीरियल गार्ड या मानवी साम्राज्याच्या फौजेचे साधे शिपाई कवडीमोल असतात. फासे पडले की त्यांच्या छोट्या प्रतिमा मूठमूठ उचलून टेबलाच्या कडेला ठेवल्या जातात. ॲबनेट यांनी नेमके हेच शिपाई निवडले. टॅनिथ या जंगलांच्या ग्रहावरची झाडे जागा बदलत असल्यामुळे तिथल्या माणसांना दिशेचे उपजत भान असते. पहिली सैन्यभरती होते त्याच वेळी तो ग्रह शत्रूच्या हल्ल्यात नष्ट होतो आणि कर्नल-कमिसार (पलटणीचा प्रमुख आणि शिस्तीचा वचक ठेवणारा अधिकारी) इब्राम गॉन्ट वाचवता येतील तेवढी माणसे घेऊन निघून जातो. मागे राहून लढण्याची संधी हिरावून घेतली म्हणून त्याच्याच पलटणीतला मेजर रॉन त्याचा जीव घेण्याची इच्छा उघडपणे बाळगून असतो. खेळात पुढच्या डावाला सर्व प्रतिमा पुन्हा उभ्या राहतात. इथे मेलेल्याची जागा घ्यायला टॅनिथचा दुसरा माणूसच शिल्लक नाही. मालिकेची सारी ताकद या एका कल्पनेत आहे.

'फर्स्ट अँड ओन्ली' (१९९९) या पहिल्या कादंबरीत सेनापतींच्या आपसांतील कारस्थानांचा भाग वेगवान असला तरी माणसे अजून पुरती घडलेली नाहीत. 'घोस्टमेकर' (२०००) ही मुळात एका सूत्रात ओवलेल्या कथांची कादंबरी असल्यामुळे विस्कळीत वाटते, असे तिच्या चाहत्यांतही अनेकांचे म्हणणे आहे. ते मान्य करूनही, युद्धाने मन मोडलेला नेमबाज लार्किन एका देवदूताच्या मूर्तीशी बोलत बसतो ती कथा मला संपूर्ण खंडातील सर्वांत सुंदर लिखाणांपैकी वाटते.

खरा कस लागतो तो 'नेक्रोपोलिस' (२०००) मध्ये. व्हर्व्हनहाइव्ह या प्रचंड औद्योगिक नगरावर शेजारचे झोइका हे शहर चालून येते, आणि ॲबनेट ही लढाई आधी नागरिकांच्या नजरेतून दाखवतात. खाणकामगार गोल कोलिया, भट्टीवरचा मुकादम ॲगन सोरिक, गल्लीतील टोळीत वाढलेली टोना क्रीड अशी माणसे पहिल्या तोफगोळ्यापासून आपल्यासमोर असतात, त्यामुळे टॅनिथची पलटण नगरात पोहोचते तेव्हा वेढ्यात सापडलेल्यांची बाजू आपण आधीच घेतलेली असते. क्रीड रस्त्यावरून दोन परक्या मुलांना उचलून वाचवते, या छोट्या प्रसंगाचे पडसाद पुढच्या अनेक कादंबऱ्यांत उमटत राहतात. त्याचा तपशील इथे सांगून वाचकाचा आनंद हिरावणे मला योग्य वाटत नाही. स्थानिक सरदार घराण्यांचा अहंकार आणि मदतीला आलेल्या जनरलांचे मानापमान यांमुळे शत्रूपेक्षा आपल्याच बाजूची माणसे कशी घात करतात, हे इतक्या बारकाईने दाखवलेले वेढ्याचे वर्णन मी विज्ञानकथेत क्वचितच वाचले आहे.

आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. कमिसारला डगमगणाऱ्या सैनिकाला जागीच गोळी घालण्याचा अधिकार असतो, आणि ज्या साम्राज्यासाठी हे सारे लढतात ते कमालीचे क्रूर आहे. अशा जगात गॉन्ट फारच उदार आणि न्यायी आहे, ही चाहत्यांमधली जुनी तक्रार मला रास्त वाटते. त्याच्या चांगुलपणामुळे साम्राज्याच्या निर्दयपणाकडे वाचकाचे दुर्लक्ष होते, आणि लेखकही त्याला फारसे अडवत नाही. शत्रूपक्षाला या तीन कादंबऱ्यांत चेहरा जवळपास नाहीच. नेपोलियनच्या काळातील युद्धांवर लिहिलेल्या बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या शार्प मालिकेशी हिची तुलना नेहमी होते. वरिष्ठांशी झगडणारा अधिकारी आणि त्याचे निष्ठावान शिपाई यांपुरती ती पटते, पण तिथल्या भूमीचा आणि इतिहासाचा ठोसपणा इथे नाही.

खेळ न खेळणाऱ्या वाचकाने बिचकण्याचे कारण नाही. लासगन म्हणजे किरणांची बंदूक, एवढे कळले की पहिल्या पन्नास पानांत बाकीचे उलगडत जाते. या पात्रांनी खेळालाही परतफेड केली आहे : गॉन्ट, कॉर्बेक, रॉन, ब्रॅग, लार्किन आणि मकॉल यांच्या प्लास्टिकच्या प्रतिमांचा नवा संच गेम्स वर्कशॉपने २०२१ साली काढला. वेळ कमी असेल तर थेट 'नेक्रोपोलिस'पासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र त्यानंतर 'घोस्टमेकर'कडे परत यावेच, कारण या शिपायांची एकेकाशी ओळख तिथेच होते, आणि पुढच्या चार कादंबऱ्यांच्या 'द सेंट' या खंडात त्यांच्यापैकी कोणाच्याही जिवाची शाश्वती लेखकाने ठेवलेली नाही.