पांढरी गाठ काळी झाली म्हणून आनंदाने रडलो आम्ही

बाबांना बसलं की माकडहाडाजवळ दुखायचं, रात्री जास्तच. पहिला एमआरआय कमरेचा काढला, त्यात सेक्रमचा, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाचा, खालचा भाग आलाच नव्हता, मग गादी सरकलीय म्हणत वर्षभर व्यायाम आणि गोळ्या. पुढे शौचाला त्रास व्हायला लागला तेव्हा परत एमआरआय काढला आणि सेक्रममध्ये गाठ दिसली, रिपोर्टला लिहिलेलं 'कॉर्डोमाची शक्यता, बायॉप्सी करावी'. कॉर्डोमा म्हणजे कण्याच्या हाडांत होणारा कॅन्सर, वर्षाला दहा लाखांत जेमतेम १ जणाला होणारा प्रकार, आम्ही नावही ऐकलं नव्हतं.

त्या घाबरलेल्या दिवसांत एका सेंटरवाल्याने गाठलं. बायॉप्सी अजिबात करू नका, सुई लागली की पसरतं, आम्ही लेझरने वितळवतो, कापाकापी नाही. यात अर्धं खरं आहे हो, तिथेच तर फसलो. कॉर्डोमाच्या पेशी सुईच्या वाटेवर रुजू शकतात, म्हणूनच बायॉप्सी करायची ती ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारून, पाठीमागून, अशा जागी की ती वाट नंतर गाठीबरोबरच कापून काढता येईल. आणि बायॉप्सी नको म्हणणारे हेच महाशय त्याच गाठीत लेझरची सुई घालत होते, ४ वेळा, ४ वेगळ्या जागी! आमच्या डोक्यात तेव्हा हे आलंच नाही.

शेवटी त्यांनी दोन फिल्म लाइटवर शेजारी शेजारी लावल्या. आधीची गाठ पांढरीशुभ्र, आताची काळपट. 'बघा, मेली.' आई तिथेच रडायला लागली.

दुखणं मात्र कमी होईना, म्हणून स्पाइन ट्यूमर बघणाऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी काही न बोलता फिल्मच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं, एकीवर टी२, दुसरीवर टी१. एमआरआयची चित्रं काढायच्या या दोन वेगळ्या पद्धती. टी२ वर ही गाठ चमकते आणि टी१ वर काळपटच दिसते, उपचार करा नाहीतर नका करू. टी२ शेजारी टी२ लावली तर गाठ चक्क वाढलेली. कुणी आधी-नंतरच्या फिल्म दाखवल्या तर आधी तो कोपरा वाचा.

मग नीट बायॉप्सी झाली, कॉर्डोमाची खूण असलेलं ब्रॅक्युरी हे प्रथिन पॉझिटिव्ह, कॉर्डोमाच निघाला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जननी बाबांच्या पाठीवरच्या लेझरच्या सुईच्या त्या ४ डागांभोवती मार्करने गोल काढले. तेवढी कातडी आणि खालचा स्नायूसुद्धा गाठीसकट अखंड काढायचा होता, कारण गाठ तुकड्यातुकड्याने काढली की परत उगवायची भीती खूप वाढते. जखम मोठी झाली, भरायला वेळ लागला, लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या, सेक्रममधल्या एस३ च्या दोन्ही नसा गेल्या, आता बाबा स्वतः कॅथेटर घालून लघवी करतात. लवकर आलो असतो तर नसा वाचल्या असत्या का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत आणि मीही आता विचारत नाही.

तक्रार करायची म्हणून सेंटरची पावती शोधून काढली. त्यावर गाठ नाही, ट्यूमर नाही, लेझर नाही, नुसतं 'कंबरदुखी उपचार, ४ सेशन'.