सायट्रेटची रचना काढायचीय: पावडर एक्सआरडी की सिंगल क्रिस्टल?

सायट्रेट म्हणजे सायट्रिक आम्लाचा क्षार. त्यातल्या अणूंची मांडणी क्ष-किरणांनी काढायच्या दोन वाटा: भुकटीवर (पावडर एक्सआरडी) किंवा एका सुट्या स्फटिकावर (सिंगल क्रिस्टल). ड्रममध्ये जे भरलंय त्याची रचना हवी असेल तर पावडर. कोणत्या कार्बॉक्सिल गटावर (आम्लगटावर) प्रोटॉन, म्हणजे आम्लाचा हायड्रोजन, बसलाय हे हवं असेल तर सिंगल क्रिस्टल. खरं तर निर्णय इथेच व्हायला हवा, पण तुर्भे-महापेच्या पट्ट्यात तो बहुतेक वेळा कुठलं मशीन मोकळं आहे यावर होतो.

सिंगल क्रिस्टलला साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा एकसंध स्फटिक लागतो. तो हाती आला की पुढचं काम सोपं. नवी मुंबईतून ऐरोली पूल ओलांडला की पवईची आयआयटी काही लांब नाही. १०० केल्विनला (उणे १७३ अंश सेल्सिअस) मोजमाप केलं तर हायड्रोजनसुद्धा बहुधा दिसतात. घोडं अडतं ते स्फटिक वाढवताना. सायट्रेटचं द्रावण आटवलं की पुष्कळदा काकवीसारखं घट्ट होतं आणि बीकरच्या तळाशी स्फटिकांऐवजी नुसता काचेसारखा थर उरतो. स्फटिक आलाच, तरी तो तुमच्या ड्रममधल्याच पदार्थाचा असेल याची खात्री नाही. ट्रायसोडियम सायट्रेट बाजारात डायहायड्रेट (दोन पाण्याचं) म्हणून मिळतं, पण त्याचं निर्जल रूपही आहे आणि साडेपाच पाण्याचंही. म्हणून सिंगल क्रिस्टलच्या रचनेवरून पावडरचा पॅटर्न (कोनानुसार तीव्रतेचा आलेख; त्यातली टोकं म्हणजे पीक) काढून तो बॅचच्या पॅटर्नवर ठेवून बघाच. मोजमापाच्या थंडीत स्फटिकाची जाळी आकसते, त्यामुळे पीक थोडे मोठ्या कोनाकडे सरकलेले दिसतील; तेवढ्याने घाबरू नका.

पावडरमध्ये सॅम्पल ड्रममधलंच असतं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. त्रिमितीतली माहिती एका रेषेवर दाबली जाते आणि पीक एकमेकांवर चढतात, हा दोष. सायट्रेटच्या बाबतीत तो बराच सुसह्य आहे. हायड्रोजन सोडले तर आयनात १३ अणू, बंधांच्या लांब्या माहीत. शोधायचं ते आयनाचं स्थान, दिशा आणि मोजके पीळ (बंधांभोवती तो किती वळलाय). फॉक्स किंवा एक्स्पो या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीची रचना मिळवून जीएसएएस-२ या प्रोग्रॅममध्ये रीटवेल्ड (काढलेला पॅटर्न मोजलेल्याशी जुळेपर्यंत रचना सुधारणं) करता येतं, तेही फुकटात. जेम्स कडुक आणि अलगप्पा राममोहन यांनी २०१८ मध्ये अल्कली धातूंच्या सायट्रेटांवर जे काम छापलं, त्यात दोन्ही पद्धती लागतील तशा वापरल्या आहेत.

खरा धोका प्रोटॉनचा. न्यूट्रल (प्रोटॉन असलेल्या) कार्बॉक्सिलमध्ये कार्बन-ऑक्सिजनचा एक बंध १.२१ अँगस्ट्रॉमच्या आसपास, दुसरा १.३१, प्रोटॉन गेला की दोन्ही १.२५ च्या जवळ. सिंगल क्रिस्टलमध्ये हा फरक मोजता येतो. पावडरमध्ये त्या लांब्या बंधन म्हणून तुम्हीच टाकलेल्या असतात, मग उत्तर म्हणून त्याच परत वाचण्यात काय अर्थ? अशा वेळी डीएफटीने (क्वांटम गणिताने) रचना शिथिल करून, म्हणजे अणूंना कमीत कमी ऊर्जेच्या जागी सरकू देऊन, बघायची. हायड्रोजन वगळता अणू सरासरी ०.३५ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त हलले तर रीटवेल्डच्या जुळणीचा आकडा कितीही देखणा असो, शंका घ्यावी.

तिसरी वाट इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनची, क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारी. तिला मायक्रॉनहून बारीक कणही चालतात, पण निर्वातात हायड्रेटचं पाणी उडू शकतं. सायट्रेटसाठी मी तिकडे शेवटी वळेन.

पावडर ठरवलीत तर लॅबला आधी एकच विचारा: कॅपिलरी (सॅम्पल भरायची काचेची बारीक नळी) आहे का? जुलैच्या दमट हवेत पोटॅशियम सायट्रेट उघड्या होल्डरवर पाणी ओढतं. सपाट होल्डरवर दाबलेले स्फटिक एकाच बाजूला झोपतात, ते वेगळंच. ०.५ ते ०.७ मिलिमीटरची बंद, फिरती कॅपिलरी दोन्ही दुखणी बरीच कमी करते. लोहाचं सायट्रेट असेल तर कॉपर ट्यूबवर (तांब्याच्या क्ष-किरण नळीवर) फ्लुओरेसन्सने, म्हणजे लोह स्वतःच क्ष-किरण सोडत असल्याने, बॅकग्राउंड चढतं. कोबाल्ट ट्यूब मागा. क्यूसीचा (गुणवत्ता तपासणीचा) झटपट स्कॅन रचनेला पुरत नाही, मोठ्या कोनापर्यंत सावकाश मोजून घ्या. आणि इंडेक्सिंग (पीकांवरून जाळीची मापं काढणं) होतच नसेल तर आधी दोन हायड्रेटांची मिसळ आहे का ते तपासा. तशी निघाली तर इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरणांच्या स्रोतावर) वेळ मागण्याआधी बॅच शुद्ध करणं स्वस्त पडेल.